जड गोळा आणि नांदुरा स्टेशनचं पाणी

बी.एस्सी.ला असताना सहामाही परीक्षेत एका गणितात मी तोंडघशी पडलो. गणित अवघड नव्हतं. गुळगुळीत मेजावर दोन गोळे ठेवले आहेत. एकावर धन विद्युतभार, दुसऱ्यावर तितकाच ऋण. एक गोळा दुसऱ्याच्या पाचपट जड. दोघांना एकदम सोडून दिलं, तर त्यांच्यातलं अंतर निम्मं होईल तेव्हा प्रत्येकाचा वेग किती? मी ते पाच मिनिटांत उरकलं. जड गोळा जागेवरच राहणार असं मी गृहीत धरलं होतं. सगळी ऊर्जा हलक्याला देऊन टाकली, त्याचा वेग काढला, आणि जड गोळ्यासमोर मोठ्या टेचात शून्य लिहून पुढच्या प्रश्नाकडे वळलो.

नागपूरला आम्हाला पदार्थविज्ञान शिकवणारे प्राध्यापक शब्दांच्या बाबतीत फार कंजूष होते. त्या शून्यापुढे त्यांनी लाल शाईत एवढंच लिहिलं होतं: याला कोणी धरून ठेवलंय? पेपर परत देताना त्यांनी मला उभं केलं.

"तुम्ही कुठले?"

"बुलढाणा जिल्हा. वरवट बकाल."

"तुमच्याकडे जड वस्तू हलत नाहीत का हो?"

वर्ग हसला. मला हसू आलं नाही, कारण आमच्याकडे त्या खरोखरच हलत नसत.

मग त्यांनी फळ्यावर ते गणित सोडवलं. गोळे जसजसे जवळ येतात तसतशी त्यांची ओढ वाढत जाते, त्यामुळे ओढीवरून वेग काढायला गेलं तर माणूस वैतागतो. त्यापेक्षा जे बदलत नाही ते पकडावं. सोडताना दोघंही स्थिर, म्हणजे दोघांचा मिळून संवेग (वस्तुमान गुणिले वेग) शून्य. बाहेरून कोणी ढकललं नाही, कोणी धरलं नाही, तर तो शेवटपर्यंत शून्यच राहणार. म्हणजे हलका एका बाजूने जेवढा संवेग घेऊन निघेल, तेवढाच जड गोळ्याला दुसऱ्या बाजूने घ्यावा लागतो. सुटका नाही. त्याचा वेग हलक्याच्या एक पंचमांश असेल, पण शून्य नसेल. आणि जवळ येताना जी स्थितिज ऊर्जा कमी झाली, तीच या दोघांच्या गतीत वाटली जाते, तीही हलक्याला पाच हिस्से, जडाला एक अशीच. दोन नियम, दोन अज्ञातं, संपलं. "वाटेत काय काय झालं ते आपल्याला विचारावं लागत नाही," ते म्हणाले, "आधी काय होतं आणि नंतर काय आहे, एवढं पुरतं. हेच या नियमांचं सुख." मग माझ्याकडे वळून म्हणाले, "दिवाळीच्या सुटीत पुन्हा सोडवून आणा. आणि जड गोळा धरून ठेवला तर नेमकं काय बिघडतं, तेही लिहून आणा."

पेपर ट्रंकेत टाकून मी गावी आलो.

आता आमच्या जड गोळ्याविषयी सांगायला हवं. माझे वडील अंगानेही जड होते आणि गावातही. कापूस-ज्वारीची भरपूर जमीन, दाराशी चार बैलजोड्या. सकाळी ओट्यावर येऊन बसले की दुपारच्या जेवणापर्यंत उठायचे नाहीत. कोणाला काही विचारायचं असलं तर तो यायचा. न्हावी यायचा, तलाठी यायचा, वाद घालणारे दोन्ही पक्ष यायचे. तांब्याभर पाणी हवं असलं तर बाबा आत न बघताच "पानी" म्हणायचे आणि पाणी यायचं. मी त्यांना स्वतःच्या हाताने पाणी घेताना कधी पाहिलं नव्हतं. अशा घरात वाढलेल्या पोराने पाचपट जड गोळ्यासमोर शून्य लिहिलं, तर त्यात त्याचा दोष किती, हे मी प्राध्यापकांना विचारायला हवं होतं. विचारलं नाही, कारण दोष माझाच होता.

ताई माझ्याहून दोन वर्षांनी मोठी. तिला घाटावर दिली होती, चिखलीकडच्या एका गावात. आम्ही घाटाखालचे. जिल्हा एकच, पण घाट चढून गेलं की बोली बदलते, माती बदलते, आणि पाहुण्याशी वागायची रीतही बदलते. आमच्या घरची रीत अशी, की लेकीच्या मांडीवर लेकरू खेळत नाही तोवर तिच्या बापाने तिच्या घरचं पाणीसुद्धा प्यायचं नाही. धाकट्या भावाला ही आडकाठी नाही, त्याने खुशाल जेवावं. लग्नानंतर पहिल्या उन्हाळ्यात बाबा ताईच्या घरी गेले. एवढ्या लांब ते जाण्याची ही पहिलीच वेळ. बरोबर फिरकीचा तांब्या घेतला होता, झाकणाला आटे असलेला, प्रवासाचा. त्यात आमच्या विहिरीचं पाणी.

तिकडे त्या वर्षी विहिरींना तळ दिसत होता. व्याह्यांनी, म्हणजे ताईच्या सासऱ्यांनी, खास बाबांसाठी पलीकडच्या मळ्यातून गोडं पाणी आणवलं, वाळ्याची पुडी घालून माठात गार केलं, आणि चार माणसं बैठकीत बसलेली असताना घासलेल्या गडव्यातून समोर ठेवलं. बाबांनी त्या गडव्याला हात जोडले, आपल्या तांब्याची फिरकी काढली आणि घटाघटा आपलं पाणी प्यायले. त्यांच्या मते त्यांनी रीत पाळली. व्याह्यांच्या मते बाबांनी चारचौघांत त्यांच्या घरचं पाणी बाटलेलं ठरवलं. एक वाक्य बोलले असते तर प्रकरण तिथेच मिटलं असतं. पण रीत समजावून सांगणं बाबांना कमीपणाचं वाटलं, आणि विचारणं व्याह्यांना. बाबा संध्याकाळच्या मोटारीने परत फिरले.

त्यानंतर ताई माहेरी आली नाही. दोन दिवाळ्या आणि अक्षय्य तृतीयेच्या दोन अखाज्या तिच्याविना गेल्या. आई त्याबद्दल बोलायची नाही, पण सणाला एक पुरणपोळी तव्यावरून काढून वेगळी ठेवायची आणि ती दुसऱ्या दिवशी मला खायला लावायची. बाबांचा राग यायचा, आणि त्यांना तो दाखवायची हिंमत नव्हती म्हणून माझा मलाही यायचा.

त्या दिवाळीत गाडं अडलं ते असं. ताईला सातवा लागला होता. पहिलं बाळंतपण माहेरी करायचं, हे घाटावर आणि घाटाखाली दोन्हीकडे सारखंच. तिला आणायला मुऱ्हाळी म्हणून मी गेलो. व्याह्यांनी मला पोटभर जेवू घातलं, आग्रहाने तूप वाढलं, आणि हात धुताना शांतपणे सांगितलं, "तुमचा काही दोष नाही, पावनं. पर लेक न्यायची तर बापानं यावं. आमच्या घरचं पाणी प्यावं, अन् लेक घेऊन जावं. आमी आडवणार नाही."

ताईचे यजमान शेजारीच बसले होते. ते भले गृहस्थ होते, पण वडिलांसमोर त्यांना कंठ फुटायचा नाही.

निघताना ताई गोठ्यापाशी आली. चेहरा उतरला होता, पाय सुजले होते.

"भाऊ, मले इथं बाळंत व्हायचं भेव वाटते," ती म्हणाली. "सासू वाईट नाई माही. पण मले माय पायजे. बाबाले सांग."

मी घरी येऊन बाबांना सांगितलं. ते ओट्यावर होते. सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाले, "लेकरू झाल्याबिगर मी लेकीच्या घरचं पानी नाई पेत."

म्हणजे हिशेब असा झाला. बाबा पाणी पिणार लेकरू झाल्यावर. लेकरू व्हायचं माहेरी. आणि माहेरी पाठवणार बाबांनी पाणी प्यायल्यावर. दोघांपैकी कोणाचंही चुकत नव्हतं, आणि ताईचे दिवस भरत चालले होते. आई पहिल्यांदा बाबांसमोर मोठ्याने रडली. बाबांनी मान दुसरीकडे वळवली, पण उठले नाहीत.

मी आणखी एकदा घाट चढून आलो. तेच जेवण, तेच तूप, तेच उत्तर. दुसऱ्या महायुद्धाचे दिवस होते, पेट्रोल मिळत नव्हतं, मोटारी कोळशाच्या गॅसवर चालायच्या, चढावर उतारू खाली उतरून चालायचे. दोन जड माणसं आपापल्या जागी बसून होती आणि मधल्या मध्ये मी पळत होतो. आईने तिसऱ्यांदा जायला सांगितलं तेव्हा मी नाही म्हणालो. रागाने म्हणालो. मी जातोय तोवर बाबांना उठायची गरजच पडत नाही, हे मला घाटात कोळशाचा धूर खाताना कळलं होतं.

मग ट्रंकेतून पेपर काढला आणि ओट्यावरच, बाबांपासून चार हातांवर, ते गणित सोडवायला बसलो. आणखी कुठे बसायला जागा नव्हती अशातला भाग नाही. मी मुद्दाम बसलो होतो.

थोड्या वेळाने बाबांनी विचारलं, "काय करून राह्यला?"

कापूस तोलायची वजनं तिथेच पडली होती. मी पाच शेराचं आणि एक शेराचं असे दोन धोंडे समोरासमोर ठेवले आणि म्हटलं, "समजा, हे दोघं एकमेकाले ओढतात. दोघायलेबी मोकळं सोडलं. कोन हालन?"

"लहाना," बाबा तत्काळ म्हणाले.

"म्याबी तेच लिहिलं. चुकलं."

बाबांनी माझ्याकडे पाहिलं. कॉलेजातल्या गणितात त्यांचं आणि माझं उत्तर एक आलं आणि दोघांचं चुकलं, याचं त्यांना नवल वाटलं असावं. "मोठा बी हालते?"

"हाव बाबा. लहान्यानं पाच हात चाललं का मोठ्यानं एक हात. पण चालतेच."

"अन् नाईच हालला तं?"

"आपोआप नाई होत तसं. कोनीतरी धरून ठेवलं असलं तरच."

"मंग धरून ठेवलं तं काय बिघडते?"

प्राध्यापकांनी नेमकं हेच लिहून आणायला सांगितलं होतं. मी मोठ्या धोंड्यावर तळहात दाबून ठेवला. "लहान्याले सगळी वाट एकट्यानं चालावं लागते. अन् धरनाऱ्याच्या हातावर जोर येते. दोघं जवळ येतीन तसा वाढतच जाते. धरनारा सुखात नसते, बाबा."

हे उत्तर पदार्थविज्ञानाच्या दृष्टीने बरोबर आहे. शेवटचे तीन-चार शब्द सोडले तर. मला वाटलं, आता ते मला ओट्यावरून हाकलतील.

"अन् भेटतात कोठी ते?" त्यांनी विचारलं.

"मोठ्याच्या जवळ. सहा हिस्से केले तं मोठ्यापासून एका हिश्शावर."

"मोठ्याच्या जवळ," बाबांनी पुन्हा म्हटलं. हे त्यांना पटलेलं दिसलं. मग त्यांनी आवाज चढवून, जणू मघापासून आम्ही याच विषयावर बोलत होतो अशा थाटात सांगितलं, "व्याह्यायले म्हन, मी नांदुऱ्याच्या टेसनावर येतो. त्यायनं लेकीले घेऊन यावं. टेसनावरचं पानी ना त्यायच्या घरचं, ना माह्या. त्यायनं आपल्या हातानं द्यावं, मी पेतो."

रीत लेकीच्या घरच्या पाण्याची होती, व्याह्याच्या हातची नव्हती. एवढी फट दोन वर्षं त्यांना दिसत नव्हती की दिसूनही बघायची नव्हती, हे मला कधीच कळलं नाही, आणि मी विचारलंही नाही.

तिसऱ्यांदा मी आनंदाने गेलो. व्याह्यांनी निरोप ऐकला आणि कपाळाला आठ्या घातल्या. "नांदुरा काही निम्म्या वाटंत नाही. तुमच्याच अंगणात हाये." त्यांना सहा हिश्शांचा हिशेब सांगण्याइतका मी मूर्ख नव्हतो. तेवढ्यात आतून ताईच्या सासूबाई म्हणाल्या, "लेकरू काय तुमच्या मानपानाची वाट बघत बसणार हाये?" मग व्याही खाकरले आणि मला म्हणाले, "तसंबी मला कापसाचा भाव बघायला नांदुऱ्याला यायचंच व्हतं."

त्यांच्या वाटेवर खामगाव लागतं. खामगावचा कापसाचा मोठा बाजार ओलांडून कापसासाठी पुढे नांदुऱ्याला जाणारा माणूस मी त्याआधी पाहिला नव्हता आणि नंतरही नाही. पण मी मान डोलावली. घरी आलो तर बाबाही आईला सांगत होते, सरकीचं काम आहे म्हणून नांदुऱ्याला जायचंच होतं.

ठरल्या दिवशी आम्ही दमणीला बैल जुंपून निघालो. पूर्णा ओलांडून नांदुऱ्याला पोचलो तेव्हा ऊन चांगलंच तापलं होतं. बाबांनी धुतलेला फेटा बांधला होता, हातात तो फिरकीचा तांब्या. आत पाणी नव्हतं, मी हलवून पाहिला. जलंबकडून गाडी आली. आधी व्याही उतरले, मग यजमान, मग दोघांनी हात धरून ताईला उतरवली. मी धावलो, तिचं गाठोडं घेतलं, तिला बाकावर बसवलं.

पुढचं सगळं फार व्यवस्थित झालं. दोघं एकमेकांसमोर उभे राहिले. रामराम झाला. बाबांनी रिकामा तांब्या पुढे केला. व्याह्यांनी तो घेतला, नळाकडे गेले, स्वतःच्या हाताने विसळला, भरला आणि आणून दिला. बाबा उभ्यानेच प्यायले, अर्धा तांब्या प्यायले, मिशा पुसल्या. मग बाबांनी तोच तांब्या व्याह्यांपुढे धरला आणि उरलेलं व्याही प्यायले. "गोड हाये," व्याही म्हणाले. नांदुऱ्याच्या स्टेशनचं पाणी गोड नव्हतं, पण दोघांनी ते मान्य केलं. मग ते बाकाच्या दुसऱ्या टोकाला बसून कापसावर बोलू लागले, आणि यंदाच्या बोंडअळीबद्दल त्यांचं पहिल्याच झटक्यात एकमत झालं. मला इतका आनंद झाला होता की मी मनातल्या मनात पेपरातली गणितं जुळवायला लागलो. संवेग शून्य होता, शून्य राहिला. आधी काय होतं आणि नंतर काय आहे, दोन्ही माझ्यासमोर होतं.

"भाऊ," ताई म्हणाली. तिचा आवाज बसला होता.

मी वळलो. तिचे ओठ पांढरे पडले होते. पदराने ती कपाळावरचा घाम पुसत होती.

"तुमच्या सगळ्यायचं पानी झालं असन," ती म्हणाली, "तं मले कोनी इचारन काय? पहाटपासून घाट उतरून राह्यली मी. घोटभर पानी नाई भेटलं."

ती हळूच बोलली होती, पण बोंडअळी थांबली. व्याह्यांनी आपल्या मुलाकडे पाहिलं, मुलाने माझ्याकडे, आणि मी, लाज वाटते सांगायला, सवयीने इकडेतिकडे बघितलं, कोणी पाणी आणून देणारं दिसतंय का ते.

बाबा उठले. मला वाटलं, कोणाला तरी हाक मारतील. त्यांनी बाकावरचा तांब्या उचलला आणि नळाकडे चालू लागले. तो जड माणूस उन्हातून फलाटाच्या त्या टोकापर्यंत गेला. नळाची तोटी कशी फिरवायची ते त्यांना पटकन जमेना. दोनदा उलटी फिरवली, धोतरावर पाणी उडवून घेतलं, मग तांब्या भरला. परत येताना दोन्ही हातांनी धरला होता, सांडू नये म्हणून खाली बघत येत होते. मी पुढे झालो तर त्यांनी मला कोपराने बाजूला केलं आणि ताईसमोर वाकून तांब्या धरला.

"घे माय."

तिने तो एका दमात रिकामा केला. श्वास घेतला आणि तांब्या बापाच्या हातात परत दिला.

"आनखी," ती म्हणाली.

बाबा पुन्हा नळाकडे निघाले.